बाहेरची कडी

सोमवार, २ सप्टेंबर

प्रिय खिळ्या,

नऊ वर्षांनी लिहायच्या पत्राला मायना काय घालावा, यावर कुणीतरी पुस्तक काढायला हवं. ‘प्रभूमध्ये सप्रेम’ लिहून खोडलं, कारण तू म्हणशील, ह्याला प्रभू कामापुरता आठवतो. ‘चिरंजीव’ लिहिणार होतो, पण बावन्न वर्षांच्या माणसाला चिरंजीव म्हटलं की तो आशीर्वाद वाटत नाही, धमकी वाटते. म्हणून लहानपणचंच नाव. तू सुतार होऊन ते सार्थ केलंस. मी भोंगा होतो. मीही केलं.

फोन केला असता. पण तू उचललास तर काय बोलायचं हे ठरलं नव्हतं, आणि नाही उचललास तर काय वाटेल हे ठरलेलं होतं.

काम किरकोळ आहे. ‘शेवटच्या बाकावरून’ हे माझं सदर अजून चालू आहे. मंडळीतले निम्मे लोक ते वाचत नाहीत, पण भेटले की ‘या वेळचं फारच छान’ म्हणतात. या खेपेला जाहिराती आणि मालिका हा विषय घेतलाय. चाळीस वर्षांपूर्वीची दंतमंजनाची जाहिरात आठवते तुला? ‘दोन वेळा घासा दात, हसत उठा रोज प्रभात.’ मला चालीसकट येते, मधल्या पेटीच्या तुकड्यासकट. तुझी वहिनी संध्याकाळी जी मालिका बघते, तिच्यातल्या धाकट्या जावेचा पहिला नवरा कसा मेला आणि कितव्या महिन्यात परत आला, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पुनरुत्थानाच्या बाबतीत मालिकावाले आपल्या फार पुढे गेलेत, असं एक वाक्य टाकलंय. बरं आहे ना?

तर विषय असा, की माणसाचं डोकं काय राखतं आणि काय टाकून देतं. त्यात बाबांवर एक परिच्छेद घालीन म्हणतो. छत्तीस वर्षं पाळक, पण उपदेशपीठावर कधी पुस्तक हातात धरलं नाही. लग्न, बाप्तिस्मा, दफन, सगळं तोंडपाठ. ‘पुस्तकात बघून प्रार्थना म्हणणं म्हणजे चिठ्ठी बघून बायकोला हाक मारणं,’ म्हणायचे. पुढे मी पाळक झालो, मीही आजवर कधी पुस्तक धरलं नाही. आणि तो त्यांचा खोकला! ऐन भरात आले की खोकायचे, रुमाल काढायचे, तोवर मंडळी पुढची ओळ म्हणून मोकळी. बायका डोळे पुसायच्या, ‘पाळकसाहेबांना भरून आलं.’ मी घरी नक्कल करायचो आणि तू हसून लोळायचास.

तेव्हा एवढंच कळव: बाबांचं नेमकं कशापासून सुरू झालं? आधी नावं गेली, की वस्तू ठेवलेल्या जागा, की रस्ते? तेव्हा त्यांचं वय काय होतं? साल-महिना आठवला तर तोही लिही. लेखासाठी.

बाकी इकडे सगळं ठीक. काल सभेत माइक बिघडला, त्यामुळे प्रभूची प्रार्थना मंडळीनेच पूर्ण केली. दुरुस्तीला टाकायला सांगितलंय.

त्या जुन्या लेखाचं तू फार मनाला लावून घेतलंस. त्यात तुझं नाव नव्हतं.

तुझा थोरला भाऊ

ता. क. हे पत्र तुझ्या वहिनीला माहीत नाही. उत्तर चर्चच्या पत्त्यावर पाठव.


सोमवार, ९ सप्टेंबर

प्रिय खिळ्या,

उत्तर नाही. मी पोस्टाला दोष देतो. पोस्ट उलट बोलत नाही.

माइकचं सांगायचं राहिलं. माइकवाला येऊन गेला. त्याने टकटक केलं, फुंकर मारली, ‘हॅलो हॅलो’ म्हणाला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर धडधाकट माणसाकडे बघतो. ‘साहेब, याला काही झालेलं नाही.’ मी म्हटलं, ‘आता झालं नसेल. तेव्हा झालं होतं.’

झालं असं, की तिसऱ्या ओळीनंतर चौथी ओळ आली नाही. जी प्रार्थना आई आपल्याला दूध पाजताना म्हणायची, जी मी रोज पाच वेळा म्हणतो, तिची चौथी ओळ. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. मी माइककडे बोट दाखवलं. लोकांनी प्रार्थना पुढे नेली. लोक चांगले असतात, त्यांना फक्त बोट दाखवावं लागतं.

थकवा असेल. दोन दफनं, एक लग्न आणि चर्चच्या समितीची बैठक एका आठवड्यात झाली होती. बैठकीनेच माणूस जास्त थकतो.

गुरुवारी आणखी एक गंमत. चर्चमधून घरी येताना, म्हणजे बेकरी, औषधाचं दुकान, डावीकडे वळलं की घर, एवढाच सहा मिनिटांचा रस्ता, मी बेकरीपाशी उभा राहिलो आणि मला कळेना की आता काय. बेकरी ओळखीची होती. बेकरीवाला ओळखीचा होता, त्याने नमस्कार केला. फक्त बेकरीच्या पुढे जग काढून घेतल्यासारखं झालं. मी पाव घेतला, कारण बेकरीपुढे उभ्या असलेल्या माणसाने पाव न घेणं संशयास्पद. मग समोर तो मोठा फलक दिसला, वॉशिंग पावडरचा, पांढरा सदरा घातलेल्या हसऱ्या बाईचा. ही बाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी हसते, एवढं आठवलं आणि मी तिच्या दिशेने चालत सुटलो. दोन वर्षांपूर्वी याच फलकावर मी लेख लिहिला होता, ‘डाग नसलेल्यांचा धर्म’. तिची माफी मागायला हवी. घरी पाव आधीच होता.

हरवलेल्या मेंढराचा दाखला मला उपदेशाला फार आवडायचा. त्यात मेंढपाळ हरवत नाही.

काल एक बाप्तिस्मा होता. व्यवस्थित पार पडला. बाळ गोड आहे, तीन महिन्यांची मुलगी. आई शिवणकाम करते, झबलं तिनेच शिवलेलं, गळ्याशी बारीक पांढरी लेस. पाणी जरा गार असावं. सगळे एकदम गप्प झाले होते.

लेखाचं सोड. तसंच कळव. बाबांचं वय काय होतं?

तुझा दादा


बुधवार, ११ सप्टेंबर

खिळ्या,

तुझ्या मोबाइलवर आलाच असेल तो व्हिडिओ. तुझ्याकडे दारं-खिडक्या करून घ्यायला येणाऱ्या कुणीतरी दाखवला असेल, ‘हे तुमचेच भाऊ ना?’ म्हणून. तर तो व्हिडिओ खरा आहे. मागचं संगीत मात्र नंतर घातलंय. आमच्या चर्चमध्ये असे ढोल नाहीत.

पाणी गार नव्हतं. मी बाळ डाव्या हातावर घेतलं, उजव्या हाताने पाणी घेतलं, तिच्या कपाळावर ठेवलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पुढचं वाक्य मी हजार वेळा म्हटलंय. मी तोंड उघडलं आणि बाबांच्या त्या खर्जातल्या, खणखणीत आवाजात म्हणालो, ‘हे शरीर आम्ही मातीच्या स्वाधीन करतो.’

दफनाचं वाक्य, न अडखळता. तेच तर वाईट. अडखळलो असतो तर लोकांना कळलं असतं.

आईने बाळ माझ्या हातातून ओढून घेतलं. तिच्या ओढण्यात जोर होता. माझा हात तसाच हवेत, ओला. मग मी आशीर्वाद दिला, तो बरोबर आला. गाणं झालं. चहा झाला. चहाच्या वेळी माझ्याभोवती आपोआप एक मोकळं वर्तुळ तयार झालं. आमच्या छोट्या हॉलमध्ये एवढी जागा आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ. ‘पाळकाच्या तोंडून निघाले गूढ शब्द, शेवटपर्यंत बघा.’ शेवटपर्यंत बघण्यासारखं काही नाही, बावीस सेकंदांचा आहे. मी स्वतः एकोणीस वेळा बघितला. लोकांनी असलं काही पसरवलं की मी त्यांच्यावर लेख लिहायचो. आता मी आत आहे आणि बाहेरून सगळे हसताहेत किंवा घाबरताहेत, आणि खाली एकाने लिहिलंय, ‘यांचे वडीलही शेवटी असेच.’

सोमवारी सेक्रेटरी आले. यांना आम्ही ‘उपसूचना’ म्हणतो. कुठल्याही ठरावाला त्यांची एक उपसूचना असतेच, शोकप्रस्तावालासुद्धा. मी सांगून टाकणार होतो, देवाशपथ. तोंड उघडलंही होतं.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘काय खोल बोललात! मी सगळ्यांना समजावलं. बाप्तिस्मा म्हणजे जुन्या माणसाचं दफनच की नाही? जुना माणूस मातीत, नवा माणूस पाण्यातून वर. साहेबांनी मुद्दाम केलं, झोपलेल्या मंडळीला हलवायला. बरोबर ना?’

खिळ्या, ते बरोबरच आहे. शास्त्राला धरून आहे. मला स्वतःला सुचलं नसतं इतकं सुंदर आहे. दाराशी उभी तुझी वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ‘बरोबर.’

काल त्यांनी चर्चच्या फलकावर तसं लिहून लावलं. सदराच्या संपादकांचा फोन, ‘यावरच लेख द्या, गाजेल.’ तरुण मंडळी येऊन म्हणाली, ‘भारी होतं, साहेब.’ आयुष्यभर मी घासून-पुसून उपदेश केले आणि गाजलो कशाने, तर विसरण्याने.

सगळे गेल्यावर तुझ्या वहिनीने कप उचलत विचारलं, ‘अहो, खरंच मुद्दाम म्हणालात?’

‘म्हणजे काय!’

‘मग गेल्या महिन्यात मला तुमच्या आईच्या नावाने हाक मारलीत, तीही मुद्दामच असेल.’

मला भीती वाटते. हे वाक्य मी उपदेशात शेकडो वेळा दुसऱ्यांच्या वतीने म्हटलंय. स्वतःच्या वतीने लिहिलं तर किती छोटं दिसतं.

दादा


सोमवार, १६ सप्टेंबर

खिळ्या,

बाळाला ताप आलाय. शुक्रवारपासून. छातीत कफ धरलाय, मुलांच्या वॉर्डात ठेवलंय.

काल सभा संपल्यावर बाळाची आई आली. एकटीच. आठ दिवसांत तिचा चेहरा कुणीतरी कात्रीने लहान केल्यासारखा झालाय. टेप अजून गळ्यात होती, काढायचंही भान नव्हतं.

‘साहेब, तुम्ही ते मुद्दाम म्हणालात ना?’

मी म्हटलं, ‘बाई, बसा आधी.’

‘बसायला वेळ नाही. फलकावर लिहिलंय, मुद्दाम. सेक्रेटरी म्हणतात, मुद्दाम. सासूबाई म्हणतात, पाळकाच्या तोंडचं वाया जात नाही. मला तुमचं ते खोल-बिल काही कळत नाही. तुम्ही माझ्या लेकीला मातीच्या स्वाधीन केलंत. मुद्दाम केलंत तर मुद्दाम परत घ्या.’

‘तसं नसतं ते. त्याचा अर्थ असा आहे की जुना माणूस—’

‘ती तीन महिन्यांची आहे, साहेब. तिच्यात जुना माणूस कुठून आणू?’

छत्तीस वर्षं बाबांनी आणि सत्तावीस वर्षं मी उपदेशपीठावरून जे काही सांगितलं, त्या सगळ्याला या वाक्याने गप्प केलं असतं.

तेव्हा मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘मी विसरलो.’ दोन शब्द. माझं डोकं फिरलंय म्हटलं असतं, तर ती बाई मोकळ्या श्वासाने घरी गेली असती. खुळ्या म्हाताऱ्याची बडबड कुणाला लागत नाही. पण ते म्हटलं की माझा पाळकाचा झगा गेला, सदर गेलं, चर्चने दिलेलं हे घर गेलं. आणि मुख्य म्हणजे मी बाबा झालो. म्हणून मी काय केलं माहीत आहे? तिच्यासाठी प्रार्थना केली. लांबलचक. ती मध्येच उठून गेली. डोळे मिटलेले असल्यामुळे मला उशिरा कळलं.

आणि अंधश्रद्धेवर तीन लेखमाला लिहिणारा मी आज सकाळी दाढी करताना स्वतःला विचारत होतो, शब्द खरंच लागत असतील का? हनुवटीवर कापलंय.

तुझ्या वहिनीने मला शनिवारीच डॉक्टरकडे नेलं होतं. मालिकेत डॉक्टर चष्मा काढून ‘आता सगळं देवाच्या हातात’ म्हणतो. हा काढेना. म्हणाला, घड्याळ काढा, दहा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी म्हटलं, ‘घड्याळांच्या जाहिरातीत नेहमी हीच वेळ असते, म्हणजे घड्याळ हसल्यासारखं दिसतं. यावर लेख लिहिलाय मी.’ तो हसला. मग म्हणाला, ‘काढा.’ मी गोल काढला, फार सुरेख गोल. आकडे सगळे उजव्या बाजूला दाटीने बसले, सभेला उशिरा आलेल्या लोकांसारखे. डावी बाजू रिकामी. तुझ्या वहिनीने कागद बघितला आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. ती बराच वेळ शोधत होती.

आता त्या जुन्या लेखाचं. ‘काही घरांत बापाच्या दाराची कडी बाहेरून असते, आणि लेक मात्र रविवारी पहिल्या बाकावर बसून देवाच्या दाराची कडी वाजवतो.’ मला हे वाक्य अजून पाठ आहे, काय पण गोष्ट टिकून राहिलीय! नाव घातलं नव्हतं हे खरं. पण गावात बापाला सांभाळणारा, रविवारी पहिल्या बाकावर बसणारा असा एकच माणूस होता. ते कात्रण कुणीतरी तुझ्या कारखान्याच्या दारावर चिकटवलं, हेही मला तेव्हाच कळलं होतं. मी वर्षातून दोन दिवस यायचो, बाबांचा हात हातात घेऊन फोटो काढायचो आणि जायचो. त्या दोन दिवसांत एकदाच कडी बघितली आणि मला लेखाला शेवट मिळाला. खरं सांगतो, तेव्हा मला वाईट वाटलंच नाही. आनंद झाला.

उत्तर दे, रे. शिव्या असल्या तरी चालतील.

भोंगा


शुक्रवार, २० सप्टेंबर

प्रिय खिळ्या,

काल तुझं पत्र आलं. चर्चच्या पेटीतून काढून तिथेच पायरीवर बसून वाचलं. पुन्हा वाचलं. खिशात ठेवलंय. मी नंतर म्हणू नये की आलंच नाही, म्हणून त्यातलं इथे उतरवून ठेवतो:

‘दादा, तुझा माइक बिघडला तेव्हाच कळलं. बाकीची पत्रं पुरवणी. बाबांचं सुरू झालं खोकल्यापासून. घरी कधी त्यांना खोकताना बघितलंस? त्यांना खोकला नव्हताच. ओळ हरवली की खोकायचे. तेव्हा ते सत्तावन्नचे होते. चार वर्षं खोकले. मी पकडलं तेव्हा म्हणाले, भोंग्याला सांगू नकोस, तो लिहील.’

तो लिहील.

मी अठ्ठावन्नचा आहे. तू विचारलं नाहीस, पण तू हिशेब केलाच असशील.

त्यांच्या त्या खोकल्याची मी नक्कल करायचो आणि तू हसायचास. सगळं घर हसायचं. बाबाही हसायचे. आता आठवतं, ते सगळ्यात शेवटी हसायचे.

कडीबद्दल तू जे लिहिलंयस, त्यावर आज मला लिहिता येत नाही.

आज सकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो. एकटा नाही, तुझी वहिनी बरोबर होती, कारण रस्त्याचा आता माझा मलाच भरवसा नाही. मुलांच्या वॉर्डात भिंतींवर चित्रांतले ससे आहेत, सगळ्या सशांचे डोळे तुझ्यामाझ्यापेक्षा मोठे. बाळ छोट्या नळीला जोडलेलं, छाती भात्यासारखी वरखाली. आई स्टुलावर. मला बघून उठली नाही.

मी म्हटलं, ‘बाई, मी विसरलो होतो.’

‘काय विसरलात?’

‘शब्द. बाप्तिस्म्याचे शब्द मला आठवले नाहीत. तोंडाला दुसरे आले. मुद्दाम काही नव्हतं. खोल तर मुळीच नव्हतं. माझं डोकं बिघडत चाललंय. माझ्या वडिलांचं बिघडलं होतं तसंच. डॉक्टरांचा कागद आहे, बघायचा असेल तर.’

ती माझ्याकडे बघत राहिली. शिंपी लोक कापड बघतात तसं, कुठे विरलंय ते शोधत.

‘म्हणजे ते माझ्या लेकीला म्हटलं नव्हतं?’

‘ते कुणालाच म्हटलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरचं सामान तुमच्या दारात उतरवलं मी.’

‘मग फलकावर?’

‘खोटं.’

‘आणि रविवारी मी आले तेव्हा?’

‘तेव्हाही.’

मला वाटलं होतं ती रडेल. मालिकेत रडली असती, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता आणि मॉनिटरवरची रेघ उसळली असती. ती उठली आणि खालच्या आवाजात, कारण बाकीची मुलं झोपली होती, एक-एक शब्द सुईसारखा टोचत म्हणाली, ‘बारा दिवस, साहेब. बारा दिवस मी दुधाच्या प्रत्येक घोटाला मोजतेय की हा शेवटचा का. सासूने झबलं जाळायला लावलं. आणि तुम्हाला फक्त लाज वाटत होती?’

‘भीती,’ मी म्हटलं.

‘मला नव्हती का?’

तुझी वहिनी पुढे झाली, तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दोघी काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. निघताना नर्सने सांगितलं की ताप परवापासूनच उतरतोय. म्हणजे माझ्या खोट्यामुळे तो चढला नव्हता आणि माझ्या खऱ्यामुळे उतरला नाही. मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून हसलो. मग बाकावर बसलो. शब्द लागत नाहीत, खिळ्या. न बोललेले लागतात. हे सदरात टाकायचं नाही, असं मी ठरवलंय.

मागून आई वॉर्डच्या दारात आली. म्हणाली, ‘ती बरी झाली की पुन्हा करायचा बाप्तिस्मा. या वेळी पुस्तक हातात घ्या.’

भोंगा


बुधवार, २५ सप्टेंबर

प्रिय खिळ्या,

रविवारी मी पुस्तक हातात घेऊन उपदेशपीठावर चढलो. चार पायऱ्या. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कुजबुज गेली, जशी नवरदेव मांडवात चष्मा लावून आला की जाते. मी सांगितलं. सगळं, फलकासकट. खोकलो नाही. माइककडे बोट दाखवलं नाही. घसा खरंच खवखवत होता, पण आता आमच्या घराण्यात खोकायची सोय उरलेली नाही.

उपसूचना उभे राहिले. ‘साहेबांच्या निवेदनाला माझी एक उपसूचना आहे.’ मी म्हटलं, मेलो. ते म्हणाले, ‘फलकावर सही माझी आहे. तेव्हा खोटं दोघांच्या नावावर लिहावं.’ आणि बसले. या माणसावर मी किती विनोद केले असतील!

महिन्याच्या अखेरीला दुसरा पाळक येतोय. घर वर्षभर राहू देणार आहेत. बाळाचा बाप्तिस्मा नवा पाळकच करील, मी शेजारी पुस्तक धरून उभा राहीन. आईने नवं झबलं शिवायला घेतलंय. माझ्याशी मात्र ती अजून धड बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता काल काय झालं ते. काल मंगळवार. तुझी वहिनी आंघोळीला गेली होती. मी झगा घातला, केस विंचरले, पुस्तक घेतलं आणि सभेला गेलो. चर्चला कुलूप. मला राग आला, मंडळी किती बेफिकीर. पायरीवर बसून राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. येणारे-जाणारे नमस्कार करत होते आणि मी त्यांना उशीर झाल्याबद्दल बोलत होतो. तुझी वहिनी ओल्या केसांनी, घरातल्या चपला घालून धावत आली. माझ्या शेजारी पायरीवर बसली. म्हणाली, ‘अहो, दोन मिनिटं पाणी अंगावर घ्यायचं म्हटलं तरी मला आता भीती वाटते.’

हमरस्ता तिथून शंभर पावलांवर आहे. मला तेव्हा तो दिसलासुद्धा नव्हता.

घरी आल्यावर तुझं पत्र पुन्हा काढलं. कडीचं वाचायचं धाडस आता झालं. ‘बाबा दोनदा हमरस्त्यावर सापडले. दुसऱ्या खेपेला ट्रकवाल्याने आणून सोडलं. एका सकाळी डोकं जागेवर होतं तेव्हा मला म्हणाले, खिळ्या, माझ्या दाराला बाहेरून कडी लाव. मी म्हटलं, नाही जमायचं. म्हणाले, मग मी दुसरा सुतार बघतो. मी लावत होतो तेव्हा ते शेजारी उभे राहून स्क्रू हातात धरून होते. एकेक देत होते. शेवटचा दिला आणि म्हणाले, आता मी आतून काय वाट्टेल ते म्हटलं तरी ऐकू नकोस.’

हे तू नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाहीस. मला एका ओळीत सांगून गप्प करता आलं असतं. का नाही सांगितलंस ते मला कळलंय. तो लिहील.

मी लिहिणार नाही. सदराचा शेवटचा लेख पाठवला, त्यात फक्त दंतमंजन आहे.

मी घाबरलोय, खिळ्या. झगा गेल्याचं नाही. एका सकाळी मी तुझ्या वहिनीला ओळखणार नाही आणि तिच्याशी अगदी सभ्यपणे बोलेन, त्याची भीती वाटते. बाबा शेवटच्या दिवसांत आतून काय म्हणायचे, ते मी तुला कधी विचारलं नाही. ये आणि सांग. न विचारलेलं पुष्कळ साठलंय, आणि माझ्याकडे ते ठेवायला जागा कमी होत चाललीय.

आमचं पुढचं दार सागवानी आहे, उजव्या हाताला उघडतं. माप तुझ्या वहिनीने घेतलंय, मागच्या पानावर तिच्या अक्षरात आहे. बाबांच्या दाराची कडी तू टाकून दिली नसशील, तू काहीच टाकत नाहीस. ती घेऊन ये.

स्क्रू मी धरीन.

तुझा
भोंगा